जिराफाचे खूर

आरोग्य मंडळाच्या तपासनीसबाईंना बालवाड्यांमध्ये पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. फाटकाची कडी मुलांच्या हाताला लागते का, औषधांची पेटी उंचावर आहे का, पाण्याच्या टाकीला झाकण आहे का, हे सगळं त्या स्वतः वाकून, चढून बघत. अशा बाईंची सही असलेल्या कागदावर कोण शंका घेणार?

कागद होता टेकडीखालच्या बालवाडीचा. तिथली एकतीस मुलं अंगाने फार मागे पडलेली, म्हणून मंडळाने त्यांना रोज सकाळी दूध आणि अंडं सुरू केलं होतं. सहा महिन्यांनी मापं आली. साडेतीन सेंटिमीटरच्या खाली एकाचीही वाढ नव्हती, काहींची तर सहा. अध्यक्ष हुरळून गेले.

“उद्दिष्ट गाठलं,” ते म्हणाले. “आता इथलं दूध-अंडं बंद. गुरुवारी ठराव करू आणि बाई, तुमचा सत्कारही उरकून घेऊ.”

योजना बंद करण्याआधी एक शेवटची भेट द्यायची, असा नियम होता. बुधवारी बाई गेल्या त्या निव्वळ नियमासाठी.

वर्गाच्या बाईंनी सगळ्यांत लहानखुऱ्या मुलीला पुढे केलं. तिला सगळे चिमणीच म्हणत. वहीत तिची वाढ चार सेंटिमीटर लिहिली होती. पण अंगातला स्वेटर मागच्या भेटीतलाच होता आणि बाह्या अजूनही बोटांच्या टोकापर्यंत लोंबत होत्या.

“काय गं, बाह्या आखूड नाही झाल्या?”

“नाही. आईने दोन वर्षं पुरेल असा विणलाय.”

बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी चिमणीला भिंतीशी नेलं. तिथे छतापर्यंत मान गेलेला जिराफ रंगवला होता आणि त्याच्या अंगावर उंचीचे आकडे.

“टाचा टेकव बघू.”

“माझ्या टेकल्यात. त्याच्याच टेकत नाहीत,” चिमणी म्हणाली. “त्याला खूरच नाहीत.”

वर्गाच्या बाई हसल्या. “रोज हेच चालतं, मॅडम. जिराफाचे खूर कुणी खाल्ले म्हणून एकमेकांवर आळ घेतात.”

तपासनीसबाई खाली बसल्या. जिराफाचे पाय घोट्यापाशी संपत होते आणि तिथून नवी फरशी सुरू होत होती. पहिली मापं घेतल्यानंतर गवंड्याने जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी बसवली होती. लोकांच्या पायाखालची जमीन सरकते, इथे ती तीन सेंटिमीटर वर आली होती. खात्री करायला बाई स्वतः जिराफाला पाठ लावून उभ्या राहिल्या. पंचावन्नाव्या वर्षी त्यांचीही उंची वाढली होती, तीही दूध-अंड्याशिवाय.

आणि ही फरशी मागितली कुणी? मुलं अडखळून पडतात म्हणून मंडळाला चार पत्रं लिहून त्यांनीच. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. चार-पाच वर्षांची पोरं महिनोन् महिने ओरडून सांगत होती आणि फूटपट्टीबाई मात्र वहीतले आकडे वाचून खूश.

“मापं मी घेतली होती,” वर्गाच्या बाई घाबरून म्हणाल्या. “बोलणी मलाच बसणार.”

“सही माझी आहे. टेप आणा.”

दोघींनी एकतीसच्या एकतीस मुलं पुन्हा मोजली. नऊ जणांची वाढ अगदी हवी तशी निघाली. बाकीच्यांची जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर, त्यांत चिमणीही.

गुरुवारी सभेत पुष्पगुच्छ टेबलावर तयार होता. अध्यक्षांनी नवी मापं वाचली आणि आवाज खाली आणला. “झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. कशाला हात दाखवून अवलक्षण करता?”

तपासनीसबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. फरशी, जिराफ, सही, सगळं त्यांनी सांगितलं. कुणीतरी हसलं.

“म्हणजे सहा महिन्यांत फक्त नऊ?” अध्यक्षांनी विचारलं.

“नऊ वाढली, म्हणजे दूध लागू पडतंय. बावीस अजून वाढायचीत. आज बंद केलंत तर ती तिथेच राहतील.”

अध्यक्षांनी पेन उचललं. मग त्यांनी ठरावावर आडवी रेघ मारली.

“मग उद्या सकाळी?” मागच्या बाकावरून वर्गाच्या बाईंनी विचारलं.

“दूध रोजच्या वेळेला,” अध्यक्ष म्हणाले. “आणि अंडंसुद्धा.”