रडणं थांबेपर्यंत

शिंप्याच्या घरात सकाळपासून दोनच आवाज चालायचे. एक शिलाई मशीनचा, दुसरा लाकडी पट्टीचा. त्या दिवशी चार वर्षांच्या चिमीने गिऱ्हाइकाच्या कोऱ्या कापडावर खडूने रेघोट्या ओढल्या. शिंप्याने पट्टी उचलली आणि तिच्या पोटऱ्यांवर सपासप ओढली. पोर किंचाळली. स्वयंपाकघरातून तिची आई धावली, तोच म्हातारा सासरा कडाडला, "खबरदार! रडणं थांबेपर्यंत उचलायचं नाही. याला असाच वाढवलाय मी. बिघडलं का काही?"

छे, काय बिघडणार! म्हातारा नुसता खाकरला तरी शिंप्याचे पाय मशीनवर थबकायचे, एवढंच. चिमीने ओठ दातांखाली दाबला आणि ती गप्प झाली. आजोबा खूश झाले.

दुपारी आई बाजारात गेली होती. मागच्या खोलीत रांगत्या धाकट्याने इस्त्रीची वायर ओढली. त्याची किंकाळी शिंप्याने ऐकली. "उचललं की सवय लागते हो," असं गिऱ्हाइकाला सांगून तो बाहीचं माप घेत राहिला. मग जळका वास आला तसा तो धावला. तापलेली इस्त्री बाळाच्या हातावर पडली होती. शेजारी चिमी हात पाठीमागे बांधून उभी होती.

"अगं, हाक तरी मारायचीस!"

"तो रडतोय ना अजून, बाबा. थांबला की उचलणार होते."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाचा हात बांधला आणि चिमीच्या पोटऱ्या पाहिल्या. "याचा हात बरा होईल. पण घाबरलेल्या लेकराला कुशीत घेतलं, की त्याचा मेंदू शांत व्हायला शिकतो. दुसऱ्याला शांत करायलाही तिथंच शिकतो. हिला कुणी घेतलंय का कधी?"

घरी म्हातारा पट्टी घेऊनच उभा होता. "या अवदसेला आधी फोडून काढतो!"

खाली येणारी पट्टी शिंप्याने हातावर झेलली. तळहात फुटून रक्त आलं. जन्मात पहिल्यांदा तो बापावर ओरडला, "बास, आबा! तुम्ही मला शिकवलंत, मी तिला शिकवलं. तिनं फक्त ऐकलं!" गुडघ्यावर दाबून त्याने पट्टी मोडली.

मग त्याने चिमीला उचललं. पोर अंग आखडून राहिली. "मी नाही रडत, बाबा."

"रड गं बाळा. मी घेतलंय ना."

ती रडली नाही. शिंप्यालाच हुंदका फुटला. त्याच्या गालाकडे नेलेला आपला हात चिमीने मधेच थांबवला. तो तसाच हवेत धरून ती बापाचं रडणं थांबायची वाट बघत राहिली.