मला दमू दिले नाही

मित्रांनो, मी एक छोटा ट्रॅक्टर आहे आणि फार थकलो आहे. माझा उडालेला लाल रंग आणि भेगाळलेले टायर बघून तुम्ही म्हणाल, बिचारा राबून राबून झिजला. तसे असते तर मी सुखाने गंजलो असतो. माझ्या स्टिअरिंगपुढे एक मीटर आहे. इंजिन आजवर किती तास चालले ते तो दाखवतो. तो आकडा इतका लहान आहे की कोणी वाकून बघू लागले तर मला अंग चोरावेसे वाटते. नुसते उभे राहूनही थकायला होते. शाळेत कधी तासभर अंगठे धरून उभे राहिला असाल, तर तुम्हाला हे पटेल.

माझे बालपण सांगण्यासारखे नाही. पत्रा ठोकला, इंजिन बसवले, रंग फासला आणि ट्रकवर चढवून वसई पूर्वेला हायवेलगतच्या एका विक्रेत्याच्या आवारात आणून उतरवले. दोन्ही बाजूंना माझे मोठे भाऊ उभे होते. त्यांची चाके माणसाच्या छातीला लागत. मी त्यांच्यामध्ये म्हणजे मोठ्यांच्या पंगतीत चुकून बसलेले पोर. गिऱ्हाईक यायचे, माझ्याकडे बघून हसायचे आणि पुढे जायचे. १९९७ सालच्या दसऱ्याआधी दिनानाथ आले आणि ते मात्र हसले नाहीत.

दिनानाथ वसईजवळच्या पापडीचे. साठी नुकतीच उलटली होती. घरची नारळ-केळीची वाडी, आणि त्या वाडीवर त्यांचा जीव. पण चार-पाच वर्षांपासून विहिरीचे पाणी खारट होऊ लागले होते. आसपास नवी वस्ती वाढली, पंप रात्रंदिवस पाणी उपसू लागले, आणि गोडे पाणी संपले तिथे समुद्राने हळूच पाय पसरले. आधी पानवेली गेल्या. मग केळी पिवळी पडू लागली. वडिलांच्या हातची राजेळी जातीची केळी तेवढी उरली होती, तीही सात-आठ बेटे. येत्या उन्हाळ्यात विहीर आणखी खारावणार आणि ती सात-आठही जाणार, हे दिनानाथ ओळखून होते.

त्यांचा चांदीप गावी जमिनीचा एक तुकडा होता. नुसते रान, पण रानात एक लहानशी विहीर, आणि तिचे पाणी गोड. झाडतोडीचा परवाना मिळायला वर्ष गेले. आंबे-फणस राखून ठेकेदाराने बाकीची झाडे कापून नेली आणि मागे ठेवले शंभरेक बुंधे आणि करवंदीच्या जाळ्या. ते बुंधे काढायचे, जमीन मोकळी करायची आणि उन्हाळा चढायच्या आत राजेळीचे मुनवे, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेले कोंब, तिथे नेऊन लावायचे. दिनानाथांना आयुष्यात आता एवढेच हवे होते. त्यासाठी त्यांना ट्रॅक्टर निवडायचा होता.

मित्रांनो, त्यांनी मला कसा निवडला ते ऐका. त्यांनी ना माहितीपत्रक वाचले, ना इंजिनाची ताकद विचारली. बैलबाजारात फिरावे तसे ते आमच्याभोवती फिरले. उकिडवे बसून खूर बघावेत तशी चाके पाहिली. प्रत्येकाच्या बॉनेटवर तळवा ठेवला. मग एकेकाला चालू करायला लावून डोळे मिटून ऐकले. मोठे भाऊ गरजले तेव्हा म्हणाले, "हे मारके आहेत." मी चालू झालो, त्यावर म्हणाले, "हा गरीब आहे. हा चालेल."

त्यांच्याबरोबर फ्रेडरिक आला होता. तो त्यांच्याच गल्लीतला, वालीवला त्याचे गॅरेज. त्याने कपाळाला हात लावला.

"काका, रान काढायला गरीब नको, जड पाहिजे. बुंधा ओढायला वजन लागतं."

"बुंध्यांच्या मधून फिरायचं आहे त्याला. तुझा तो धटिंगण वळणार कुठे?"

तेही खरेच होते. मग दिनानाथांनी खांद्यावरचा पंचा काढून विक्रेत्याच्या हातावर टाकला आणि पंच्याखाली त्याची बोटे धरली. गुरांच्या बाजारात भाव असाच ठरतो. टाय लावलेला तो माणूस एवढा गांगरला की त्याने हात सोडवून घेण्यासाठीच मला थोडा स्वस्त दिला असावा.

दसऱ्याला यंत्रांची पूजा सगळेच करतात. माझीही झाली. पण पुढे दिवाळीच्या पाडव्याला, ज्या दिवशी आपल्याकडे गुरांना रंगवून ओवाळतात, त्या दिवशी मनोरमाबाई, म्हणजे दिनानाथांच्या पत्नी, तबक घेऊन माझ्यापुढे आल्या. "अहो, याला शिंगं नाहीत, गोंडे बांधायचे कुठे?" त्यांनी नवऱ्याला विचारले. दिनानाथांनी ते माझ्या दोन दिव्यांना बांधले. खोटे कशाला बोलू, मला फार बरे वाटले. माझ्या मोठ्या भावांना असे कोणी ओवाळले असेल असे वाटत नाही.

चांदीपला काम सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. ऐनाचा एक मध्यम बुंधा होता. दिनानाथांनी त्याला साखळी लावली, मला जोडले आणि माझ्या पाठीवर बसले. साखळी ताठ झाली. मी जोर लावला. जोर लावताना आमचा आवाज जाड होतो, नळीतून काळा धूर निघतो. पुढची चाके जमिनीवरून जराशी उचलली गेली. बस, दिनानाथांनी क्लच दाबला आणि ते खाली उतरले. माझ्या बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "असू दे, असू दे. कण्हू नको."

मी कण्हत नव्हतो हो. ते माझे अंग मोडून काम करणे होते. पण मला सांगता कुठे येत होते?

त्यानंतर त्यांनी पहार घेतली, बुंध्याच्या चहूबाजूंनी माती उकरली, मुळे एकेक करून तोडली आणि बुंधा दातासारखा हलायला लागल्यावर मला साखळी लावली. तो मी हलक्या हाताने बाहेर काढला. कौतुक माझे झाले. घाम त्यांचा गेला होता.

हेच पुढे महिनोन्‌महिने चालले. सकाळी चार तास माझे काम, बारा वाजले की साखळी सुटायची आणि मला आंब्याच्या सावलीत उभे केले जायचे. अमावास्येला बैल जुंपत नाहीत, म्हणून अमावास्येला मलाही सुट्टी. दिनानाथांना सुट्टी कधीच नव्हती. मला विसावा देऊन ते स्वतः पहार घेऊन पुढच्या बुंध्याला भिडायचे. मनोरमाबाई एसटीने डबा घेऊन येत. नवऱ्याच्या तळहाताचे फोड बघून एकदा त्या म्हणाल्या, "बैलाला सुट्टी आणि मालकाला वेठ. हे कुठलं शास्त्र?" दिनानाथांनी हाताला फडके गुंडाळले आणि पुन्हा पहार उचलली.

हे असे का, ते मला एका दुपारी कळले. मला पुसता पुसता ते आपणहून बोलू लागले. मुक्या प्राण्याशी माणूस मोकळे बोलतो. त्यांच्या तरुणपणी विहिरीवर रहाट होता आणि रहाटाला पोवळ्या नावाचा बैल होता. एका वर्षी पाणी तळाला गेले. वाडी जगवायची म्हणून दिनानाथांनी पोवळ्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत गोल गोल फिरवले, सलग अकरा दिवस. बाराव्या दिवशी तो जुवासकट खाली बसला आणि उठला नाही. "त्याचा आवाज बदलला होता," दिनानाथ मला म्हणाले. "मला ऐकू येत होतं. मी थांबलो नाय." मग फडके पिळून त्यांनी माझे दिवे पुन्हा एकदा पुसले. ते आधीच स्वच्छ होते.

फ्रेडरिक रविवारी चर्चमधून परस्पर इकडे येई. रान अजून अर्धेही निघाले नाही हे बघून तो कळवळून सांगे, "काका, साखळी खालच्या हुकाला बांधा. याच्या तोंडाला लोखंडी वजनं टांगा, मागच्या टायरात पाणी भरा. अंगात वजन आलं की दहा दिवसांत रान साफ करतो बघा."

"म्हणजे ओढणाऱ्याच्याच पाठीवर ओझं लादू?"

"काका, हे मशीन आहे. याला दम लागत नाय."

"तुला ऐकू येत नाय, एवढंच," दिनानाथ म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवशी मला वाचा असती तर मी फ्रेडरिकच्या बाजूने ओरडलो असतो.

मार्च आला. पापडीला राजेळीची दोन बेटे करपली, सहा उरली. इथे चाळीस बुंधे बाकी होते. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी अमावास्या होती. मला अर्थातच सुट्टी होती. चांदीपचा कृष्णा दिनानाथांना मदतीला येई, तोही त्या दिवशी घरी होता. दिनानाथ एकटेच आले, माझ्या अंगावर ताडपत्री नीट केली आणि शिवणीच्या झाडाच्या जुन्या बुंध्याशी गेले. तो सगळ्यांत थोरला होता. दहाच्या सुमाराला पहारेचा आवाज थांबला. मी वाट बघत राहिलो. ते उताणे पडले होते, उजवा पाय विचित्र वळला होता, डोळे उघडे होते. माझ्यापासून वीस पावले. माझ्या टाकीत डिझेल होते, बॅटरी भरलेली होती, हॉर्न धडधाकट होता. आणि मी उभा होतो.

कृष्णा म्हशी घेऊन त्या वाटेने आला म्हणून निभावले. त्याने त्यांचे डोके मांडीवर घेतले, "दिनानाथदादा, पानी देऊ? पानी?" असे विचारत राहिला. पाणी तोंडातून बाहेर आले तेव्हा तो रस्त्याकडे पळाला आणि टेम्पो घेऊन आला. लकव्याने उजवी बाजू गेली होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच पुष्कळ, आता हातात पहार धरायची नाही. धरायला हात तरी कुठे होता?

बैल गेला नि झोपा केला, असे म्हणतात. इथे बैल ठणठणीत होता आणि मालक आडवा झाला होता.

दवाखान्यात दिनानाथ अडखळत एकच गोष्ट विचारत, केळी आहेत का? शेवटी मनोरमाबाईंनी फ्रेडरिकला बोलावले आणि माझी किल्ली त्याच्या हातात दिली. "यांना विचारू नकोस," एवढेच म्हणाल्या.

फ्रेडरिकने गॅरेज बंद ठेवले. माझ्या तोंडाला लोखंडी वजने टांगली, मागच्या टायरांत पाणी भरले, साखळी खालच्या हुकाला बांधली. पहाटे उजाडता उजाडता चालू करायचा, तो दिवेलागणीला बंद करायचा. कृष्णा मोठी मुळे तोडायचा, मी ओढायचो. काय ते नऊ दिवस होते. सायलेन्सर तापून लाल व्हायचा, क्लचचा वास सुटायचा, मी जेवढा म्हणून गरजू शकत होतो तेवढा गरजलो. शिवणीचा तो बुंधा पाऊण तासात निघाला. पाऊण तास, मित्रांनो. त्याच्याच शेजारी ती पहार अजून पडलेली होती. बुंधा निघाला तसा आनंद व्हायला हवा होता. मला रडायला आले असते, तर मी रडलो असतो.

अक्षय्य तृतीयेला दिनानाथांना गाडीतून आणले. आंब्याखाली खुर्ची मांडली. समोर सगळी जमीन मोकळी, नांगरलेली, विहिरीच्या गोड्या पाण्याने भिजवलेली. पापडीच्या सहा बेटांतून काढलेले मुनवे टोपलीत होते. पहिला मुनवा दिनानाथांच्या डाव्या हातात दिला. एका हाताने त्यांना तो धरवेना. मनोरमाबाईंनी त्यांच्या हाताला धरून तो खड्ड्यावर टेकवला आणि माती मात्र स्वतः ओढली.  दिनानाथांच्या हातांनी तिथे मणभर मुळे तोडली होती, आणि आज मूठभर माती लोटायलाही त्या हातांत जोर उरला नव्हता.

मग त्यांनी मला जवळ आणायला सांगितले. माझा रंग खरचटला होता, एक दिवा फुटला होता. त्यांनी डावा तळवा माझ्या बॉनेटवर ठेवला, आणि वाकड्या झालेल्या तोंडाने फ्रेडरिकला विचारले,

"याला... फार दमवलं नाहीस ना?"

फ्रेडरिकने मनोरमाबाईंकडे पाहिले. त्यांनी मान फिरवली होती.

"नाय काका," तो म्हणाला. "रोज बाराला सोडत होतो. सावलीत उभा करत होतो."

दिनानाथांचे डोळे मिटले. त्यांना बरे वाटले.

मित्रांनो, त्यानंतर ते तीन वर्षे जगले. केळी उभी राहिली, आजही आहेत. मला मात्र कुणी पुन्हा तसे राबवले नाही. दिनानाथांचा लाडका म्हणून सगळ्यांनी जपून ठेवले आहे. आमच्यासारखे जुने जिन्नस आपल्या कहाणीच्या शेवटी तुम्हाला विनवतात, की आमची काळजी घ्या. मी ते म्हणणार नाही. माझी काळजी घेतली गेली, जरुरीपेक्षा जास्त घेतली गेली, आणि तिची किंमत दुसऱ्याच कोणी भरली. तेव्हा मला तेल घालू नका एक वेळ, पण जरा घरात बघा. तुमच्या घरातही कोणीतरी असेल, आई असेल, आजोबा असतील, जे दुसऱ्याला त्रास नको म्हणून न बोलता सगळे जड काम स्वतःकडे ओढून घेतात. त्यांचा आवाज बदलत नाही. ते कण्हतही नाहीत. म्हणून त्यांचे कण्हणे ऐकू येण्याची वाट बघू नका. उठा, आणि त्यांच्या हातातली पहार काढून घ्या.