ठकीसाठी कडियाळे

अण्णांनी नवे कडियाळे कोमट पाण्यातून काढले, फडक्याने कोरडे केले आणि डोळे मिटून दातांत धरले. खट् असा बारीक आवाज झाला. कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या सूनबाईने तो ऐकला. हसू मात्र ओठांतच ठेवले.

"काय म्हणतंय लोखंड?" तिने विचारले.

अण्णांनी कडियाळे दातांतच ठेवले. लगामाचा जो लोखंडी दांडा घोड्याच्या तोंडात राहतो, ते कडियाळे. घडवणाऱ्याने ते आधी आपल्या तोंडात धरून पाहावे आणि मगच दुसऱ्याच्या तोंडात द्यावे, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला दंडक होता. वडील म्हणत, ज्याला बोलता येत नाही त्याच्या मुखात काही ठेवायचे, तर ते देवाच्या मुखात ठेवतो तशा हाताने ठेवावे. अण्णांनी हा दंडक जन्मभर पाळला. दात गेले, कवळी आली, तरी पाळला. आता लोखंड कवळीवर टेकले म्हणजे त्यांना जे कळे, ते भिंतीआडून ऐकलेल्या बोलण्यासारखे असे. पण हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

"गुळगुळीत आहे," कडियाळे काढून ते म्हणाले. "आधीच्यापेक्षा जाड केलंय. जाड म्हणजे मऊ. बारीक दोरी हाताला काचते, जाड दोर काचत नाही."

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात, अण्णा."

"मागच्या वेळी इतकं जाड नव्हतं."

"आणखी एकदा जाड केलंत, तर ठकीच्या तोंडात खलबत्त्यातला बत्ताच द्यायचा राहील."

"मारा, सासऱ्याला टोमणे मारा," अण्णा म्हणाले आणि कडियाळे फडक्यात गुंडाळू लागले.

मुलगा बोटीवर नोकरीला होता आणि सासूबाई जाऊन बरीच वर्षे लोटली होती. घरात सासरा आणि सून अशी दोनच माणसे. शेजारीपाजारी गमतीने म्हणत, या घरात सासुरवास आहे खरा, पण तो सासऱ्याला. अण्णांच्या कानांवर ते आले, तेव्हा त्यांनी त्याचा इन्कार केला नाही. त्यांना तो मनापासून मानवत होता.

ठकी ही तांबूस रंगाची, नाजूक बांध्याची घोडी. सूनबाई ज्या शाळेत मुलांना घोड्यावर बसायला शिकवी, तिथलीच. तिची आई तिला जन्म देऊन गेली, तेव्हा सूनबाईने बाटलीने दूध पाजून तिला वाढवले होते. आता ती बसण्याजोगी झाली, अंगाने भरली. पण लगामाला नुसता हात लागला की मान आभाळाकडे उडवी आणि जीभ कडियाळ्यावरून बाहेर काढी. घोडीचे तोंड फार हळवे आहे, असे सगळे म्हणत. हळवेपणाचे करायचे काय, ते कोणी सांगत नव्हते.

शाळेचे चालक सैन्यातून निवृत्त झालेले होते आणि सगळे त्यांना मेजर म्हणत. माणूस वाईट नव्हता. ते स्वतःच त्या सकाळी रिंगणाच्या कठड्याशी अण्णांजवळ येऊन उभे राहिले. सूनबाई ठकीवर बसली, तिने लगाम अगदी कच्चे सूत धरावे तसा धरला, आणि ठकीने नव्या कडियाळ्यासकट मान अशी काही झटकली की कठड्यावरची पाखरेसुद्धा उडाली.

"आधीपेक्षा वाईट," मेजर म्हणाले. "मला घोडीचा राग नाही, पण हिच्या पाठीवर उद्या कुणाचं तरी पोर बसणार. मान नाकावर आदळली, तर त्याच्या आईबापांना मी काय सांगू?"

"आणखी थोडे दिवस द्या," सूनबाई खाली उतरत म्हणाली.

"रविवारी टांग्यासाठी घोडी न्यायला गाडीवाला येणार आहे. त्याला घोडी पसंत आहे." मेजरांनी खिशातून दोरीसारखा पीळ दिलेले एक कडियाळे काढले. "नाहीतर हे घाला. दोन दिवसांत सवय जाईल."

अण्णांनी ते हातात घेऊन अंगठ्याने चाचपले आणि परत दिले.

"सवय जाईल, मेजरसाहेब," ते म्हणाले. "सवयीबरोबर घोडीही जाईल. ती नुसती उभी राहील इथं, पण आत कुणी नसेल."

मेजरांनी मिशीवरून हात फिरवला. "रविवारपर्यंत काय ते करा," असे म्हणून ते गेले.

गाडीवाल्याचे हाडे वर आलेले घोडे दोघांनीही पाहिले होते. सूनबाईने ठकीचे कडियाळे काढले, एका हाताने तिची जीभ हळूच बाजूला धरली आणि दुसऱ्या हाताने छोटी विजेरी आत धरली.

"हे बघा. डावीकडे. डाळीएवढा लाल डाग पडलाय."

अण्णा वाकले. पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात, त्यांच्या मध्ये घोड्याची हिरडी उघडीच असते. निसर्गाने तिथे दात दिलेलेच नाहीत. कडियाळे बसते ते नेमके त्या उघड्या जागी.

"मला आधीच कळायला हवं होतं," सूनबाई ठकीच्या गालाला गाल लावून म्हणाली. "चार दिवस एकाच बाजूनं चघळतेय. गवत तोंडातून सांडतेय. ओरडत नाही, लाथ मारत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार नुसता. आमची बाई फार गुणाची ना, त्याचीच शिक्षा."

अण्णांची जीभ नकळत आपल्याच तोंडात डावीकडे गेली आणि तिथून लगेच मागे फिरली.

दुपारी जेवताना त्यांनी काकडीच्या फोडी ताटाच्या कडेला सारून ठेवल्या. पावाची कड मोडून आमटीत बुडवली आणि ती मऊ होईपर्यंत हवापाण्याच्या गोष्टी केल्या.

"काकडी नको झाली हल्ली?"

"थंड पडते."

"आणि कवळी? नीट बसतेय ना?"

"अगदी जन्मजात असल्यासारखी," अण्णा म्हणाले.

कवळी करायला सूनबाईच त्यांना घेऊन गेली होती. कामावर रजा टाकून ती तीन दुपारी दंतवैद्यबाईंच्या बाकावर बसली होती, दातांचा रंग तिने निवडला होता, आणि आरशापुढे उभे केल्यावर म्हणाली होती, "अण्णा, लग्नाच्या फोटोतल्यासारखे दिसता की हो!" त्यानंतर कवळी टोचते असे म्हणायला अण्णांची जीभ रेटली नव्हती. शिवाय त्या दिवसापासून त्यांनी कवळीवाचूनचे आपले तोंड कोणाला दाखवले नव्हते. न्हाणीघराची कडी लावून ते ती धूत, आणि बाहेर येत ते फोटोतले होऊनच.

जेवणे झाल्यावर दोघे कारखान्यात आले. अण्णांनी आजवरची तिन्ही कडियाळी ऐरणीवर ओळीने मांडली. पहिले बारीक, मध्ये सांधा असलेले. दुसरे तसेच पण जाड. तिसरे त्याहून जाड. अण्णा त्यांच्याकडे पाहत राहिले. सूनबाई खिडकीपाशी ठकीची वादी तेल लावून मऊ करत बसली.

"बिचारीला तिथं दात असते ना," ती वादीकडे पाहतच म्हणाली, "तर चावून तरी धरलं असतं. नुसत्या हिरडीनं धरायचं म्हणजे काय असेल, देव जाणे."

अण्णांचा हात ऐरणीवर थबकला.

त्यांनी आजवर जे जे कडियाळे तोंडात धरले होते, ते दातांनी धरले होते. वडिलांनीही दातांनीच धरले होते. घोड्याला जिथे दात नाहीत, तिथले सुखदुःख ते दोघे दोन पिढ्या दातांना विचारत आले होते, आणि दातांनी प्रत्येक वेळी सगळे ठीक आहे असे सांगितले होते.

"सूनबाई, जरा त्या खिडकीतून बाहेर बघ."

"काय आहे बाहेर?"

"काही नाही. म्हणूनच बघ."

ती वळली. अण्णांनी तिच्याकडे पाठ केली, कवळी काढली, स्वच्छ फडक्यात ठेवली आणि सगळ्यांत जाड कडियाळे उचलून उघड्या हिरड्यांवर आडवे ठेवले. जीभ एकदम खाली चेपली गेली. घोट गिळायला गेले, तर गिळता येईना. लाळ हनुवटीवर ओघळली. त्यांनी हाताने त्याची दोन्ही टोके किंचित ओढून पाहिली आणि त्यांची मान आपोआप मागे गेली, वर, आढ्याकडे.

ते तसेच क्षणभर आढ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी बारीक कडियाळे घेतले. जीभ सुटली, घोट उतरला. पण टोके ओढताच दोन्ही बाजू मिटल्या आणि मधला सांधा वर उठून कुठेतरी टोचला. नेमका कुठे, ते कळेना. ते पाहायला दुसऱ्याचे डोळे हवे होते.

फडक्यातल्या कवळीकडे त्यांचा हात गेला आणि रिकामाच परत आला. मग ते वळले.

"शूनबाई," ते म्हणाले, "विजेरी आण. आणि हशायचं नाही."

तिने वळून पाहिले. अण्णांच्या चेहऱ्याचा खालचा मजला खचला होता, गाल आत गेले होते, आणि हनुवटी नाकाची विचारपूस करायला निघाल्यासारखी वर आली होती.

"नाही हसत," ती म्हणाली आणि खो खो हसली. अण्णांनी रागवायचा प्रयत्न केला. पण दातांवाचून रागावता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि तेही हसू लागले. त्या तोंडाचे हसू तर आणखीच विलक्षण होते. दोघांना डोळे पुसावे लागले.

मग ती विजेरी घेऊन जवळ आली. अण्णांनी कडियाळे हिरड्यांवर ठेवले, तोंड उघडले आणि टोके ओढली.

"सांधा टाळूला लागतोय," ती म्हणाली. "कोयीसारखा वर येतोय. आता सोडा. काढा ते."

अण्णांनी कडियाळे काढले. विजेरीचा उजेड मात्र हलला नाही. तो डावीकडे जाऊन खालच्या हिरडीवर स्थिर झाला आणि तिथेच राहिला. त्या उजेडाला काय दिसत होते, ते अण्णांना ठाऊक होते.

"झालं का बघून?"

"झालं," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. तिने विजेरी विझवली आणि भाता हातात घेतला.

पुढचे काम दोघांनी मिळून केले. बाजूच्या दोन दांड्या त्यांनी बारीक केल्या, जिभेला जागा राहावी म्हणून त्यांना पुसटसा बाक दिला, आणि मधल्या टोकदार सांध्याऐवजी घेवड्याच्या दाण्याएवढा तांब्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी अडकवला. कानशीने घासायचे, कोमट पाण्यात बुडवायचे, हिरडीवर ठेवायचे, पुन्हा घासायचे. अण्णांना आता आपल्या तोंडाची लाज उरली नव्हती. कारागिराला हत्याराची लाज कशी वाटेल? अखेरीस एकदा त्यांनी टोके ओढली, तेव्हा तांब्याचा दाणा जिभेवर मुकाट पडून राहिला, आणि त्यांनी सावकाश, संपूर्ण एक घोट गिळला.

"हे," ते म्हणाले.

शनिवारपर्यंत ठकीचा लाल डाग मावळला. रविवारी मेजर कठड्याशी उभे होते आणि त्यांच्याशेजारी गाडीवाला. अण्णा रिंगणात ठकीपुढे उभे राहिले. त्यांनी कडियाळे तळहातांत धरून गरम केले आणि नुसते तिच्या ओठांपाशी नेले. पुढे ढकलले नाही. ठकीने ते हुंगले. कान मागे नेले, पुढे आणले. मग तिने मान खाली घातली आणि तोंड उघडले.

सूनबाईने तिला रिंगणात तीनदा फिरवले, दुडकीवर नेले, थांबवले. मान जागची हलली नाही. थोड्या वेळाने ठकीच्या ओठांच्या कडांना पांढरा फेस दिसू लागला. कोरडे तोंड ओले झाले होते, ती कडियाळे चघळत होती. बाटलीच्या बोंडाशी लहानपणी खेळे, तशी.

"ही ती घोडी नव्हे," गाडीवाला हिरमुसून म्हणाला.

"तीच आहे," मेजर म्हणाले आणि त्यांनी खिशातले पिळाचे कडियाळे कचऱ्याच्या पिंपात टाकले. "तुम्ही दुसरी बघा."

परतताना दोघे पायीच निघाले. सूनबाईची चाल आज हलकी होती. तिने वाटेत दोनदा ठकीची नक्कल करून दाखवली. कोपऱ्यावर घराकडचे वळण आले, पण ती सरळ पुढे चालू लागली.

"इकडे कुठं?"

"एक कडियाळं दुरुस्त करायचंय."

"कुणाचं?"

फुलझाडांच्या दुकानापुढचा दवाखान्याचा तो जिना दिसताच अण्णा ओळखून चुकले आणि पायरीपाशी थांबले.

"आज रविवार. बंद असेल."

"मी काल फोन केलाय. बाई खास आपल्यासाठी आल्या आहेत."

"अगं, पण सगळं व्यवस्थित आहे. उगाच कशाला त्यांना..." अण्णांनी मान वर झटकली आणि आपणच काय केले ते जाणवून गप्प झाले. सूनबाईने नुसता त्यांचा हात धरला.

दंतवैद्यबाईंनी खुर्ची मागे कलती केली, दिवा जवळ ओढला आणि हसून विचारले, "काय म्हणते कवळी? कुठे लागत वगैरे नाही ना?"

"अगदी जन्मजात..." एवढे शब्द अण्णांच्या ओठांवर आले. त्यांनी बाकाकडे पाहिले. सूनबाई पहिल्यासारखीच तिथे बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. ती काही सुचवत नव्हती, खुणावत नव्हती. रिंगणात ठकीजवळ अण्णा थांबले होते, तशी ती फक्त थांबली होती.

अण्णांनी मान खाली घातली आणि तोंड उघडले.