ईशिताच्या बॅगेतले चार दिवस

मी एक जुनं एअर पिस्तूल आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात, एका लहानशा नेमबाजी क्लबात, लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर माझी जागा आहे. मित्रांनो, पिस्तूल म्हटल्यावर तुम्ही जरा मागे सरकलात तर मला त्याचं वाईट वाटणार नाही. माझ्यात दारूगोळा नाही. दाबलेल्या हवेच्या जोरावर मी शिशाचा एक बारीकसा छर्रा दहा मीटरवरच्या कागदावर मारतो. पण तोच छर्रा जवळून एखाद्याच्या डोळ्याला लागला, तर तो डोळा परत मिळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या आयुष्यातले चार दिवस याच गोष्टीने भरलेले आहेत.

माझा जन्म १९८४ साली जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. माझी नळी पोलादी आणि मूठ अक्रोडाच्या लाकडाची. नळीवरची दांडी उघडून एकदा जोर लावून बंद केली की आतली हवा दाबली जाते आणि एका छर्‍यापुरती ताकद तयार होते. या क्लबाने मला विकत घेतलं त्या वर्षी शशिधर पेंडसे नावाचा एक तरुण मराठी इंजिनियर इथे सभासद झाला. दिवसभर विणकामाच्या यंत्रांची दुरुस्ती करायची आणि बुधवारी संध्याकाळी माझ्यासमोर उभं राहायचं, असा त्याचा क्रम होता. आम्ही दोघांनी मिळून काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, स्पर्धेत दोनदा चषक आणला. तेव्हा माझी मूठ मऊ कापडाने पुसली जाई, आणि नवे सभासद मला हातात घेण्याआधी विचारत.

पुढे स्कॉटलंडमधल्या एका शाळेत फार वाईट घडलं, एका माणसाने पिस्तुलांनी लहान मुलांचे जीव घेतले. देशाने कायदा बदलला. कपाटात माझ्या शेजारी असलेली खर्‍या गोळ्यांची पिस्तुलं एका सकाळी पेटीत भरून पोलिसांकडे जमा झाली. मी हवेचा, म्हणून राहिलो. काही वर्षांनी नव्या तऱ्हेची पिस्तुलं आली. त्यांच्यात हवेची नळकांडी आयती बसवलेली असते, दांडी ओढायला नको. मला कुणी हात लावेना. माझं आतलं रबर वाळलं, हवा टिकेना. जवळजवळ दहा वर्षं मी एका जुन्या मोज्यात गुंडाळलेला पडून होतो.

शशिधर निवृत्त झाला, त्याचे शशिधरकाका झाले, आणि क्लबात नवख्यांना शिकवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. तेव्हा त्यांना मी आठवलो. घरी नेऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी मला पूर्ण खोललं आणि नवं रबर बसवलं. पहिला छर्रा मारल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, “चांगलं आहे अजून.” त्यानंतर दोनच महिन्यांनी ईशिता आली.

ईशिता साळवी एकोणतीस वर्षांची. जन्म इथलाच. कम्युनिटी नर्स म्हणून ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधते, इन्सुलिन देते. घरात आईवडिलांशी मराठीत बोलते, पण त्या भाषेतलं ‘तो, ती, ते’ तिला आयुष्यभर चकवत आलंय. मला ती एका वाक्यात तो म्हणे आणि पुढच्या वाक्यात ती. मला त्याचं काही वाटलं नाही.

“काका, मला एक छोटा पिस्तूल पाहिजे, जी पर्समध्ये बसेल,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली. “मी कधी शूट केलेलं नाही. बिगिनरसाठी कुठली बेस्ट?”

पर्समध्ये का बसायला हवं, असं काकांनी विचारलं. आणायला-न्यायला सोपं पडेल, एवढंच ती म्हणाली. मग काकांनी तिला बसवून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की या देशात पिस्तूल जवळ बाळगून रस्त्यावर फिरता येत नाही. हवेचं असलं तरी नाही, रिकामं असलं तरी नाही. ते कुलपाच्या पेटीत ठेवून घरून क्लबात न्यायचं आणि क्लबातून घरी. दुसरी अशी, की नवख्या माणसाने लहान आणि हलकं पिस्तूल निवडणं हीच मोठी चूक असते. हलकं पिस्तूल हातात थरथरतं, आखूड नळीचा नेम जरा हललं तरी चुकतो. आधी हात बघायचा.

मग त्यांनी टेबलावर तीन पिस्तुलं मांडली आणि तिला डोळे मिटून एकेक धरायला लावलं. पहिल्याची मूठ तिच्या तळव्यात गच्च बसेना, बोटं एकमेकांवर चढत होती. दुसरं बरं होतं, पण त्याचा चाप तिच्या बोटाच्या टोकाला जेमतेम लागत होता. तिसरा मी. माझी मूठ कधीकाळी एका बारीक हाताच्या सभासदासाठी कानशीने घासून कमी केलेली होती. ईशिताचा हात तिथे असा बसला, की काकांनी मान डोलावली. दांडी तुझी तुला बंद करता येते का बघ, ते म्हणाले. पहिल्यांदा तिला जमलं नाही. दुसऱ्यांदा ती पायावर नीट उभी राहिली आणि जमलं.

दोन महिने ती दर बुधवारी आली. तिचा हात ठरू लागला. काकांनी तिला सर्वांत जास्त वेळा सांगितलेलं वाक्य एकच: “नेम धरेपर्यंत बोट सरळ, चापावर नाही.” नोव्हेंबरात त्यांनी मला कुलपाच्या पेटीत घालून तिच्या हवाली केलं. घरी भिंतीसमोर नुसता हात धरायचा सराव कर, छर्रे इथेच राहतील, असं बजावलं. तिने हो म्हटलं.

तिच्या घरी गेल्यावर मला कळलं, की ती खेळासाठी आलीच नव्हती.

सप्टेंबरात, एका पेशंटच्या घरून निघाल्यावर, एक माणूस तिच्या मागे लागला होता. दोन गल्ल्या तो मागून चालला. तिसऱ्या गल्लीत त्याने तिच्या बॅगेचा पट्टा धरून तिला भिंतीवर ढकललं. समोरून गाडी आली म्हणून ती सुटली. तिने हे आईला सांगितलं नाही, कारण आई म्हणाली असती की नोकरी सोड. ऑफिसात सांगितलं नाही, कारण लोक तिला घाबरट समजतील असं तिला वाटलं. सांगितलं फक्त टेक्ससमधल्या चुलतभावाला, नकुलला. तो तिकडच्या रिवाजाप्रमाणे बायकांनी पर्समध्ये कुठलं पिस्तूल ठेवावं याच्या याद्या पाठवत राहिला. इथला कायदा त्याला ठाऊक नव्हता आणि त्याने विचारलाही नाही. “समथिंग इज बेटर दॅन नथिंग,” हे त्याचं फोनवरचं वाक्य मी पेटीतून ऐकलं.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी तिने मला पेटीतून काढलं. छर्‍यांची डबी तिने परस्पर मागवली होती. तिने एक छर्रा भरला, दांडी बंद केली, मला लोकरीच्या स्कार्फमध्ये गुंडाळलं आणि कामाच्या मोठ्या बॅगेत बँडेजच्या पाकिटांखाली ठेवलं.

मित्रांनो, स्पर्धेसाठी बनवलेल्या पिस्तुलाचा चाप फार हलका असतो. एखादं पान उलटायला लागतो तेवढा जोर त्याला पुरतो. मी तसा भरलेला, दाबलेल्या हवेनिशी, चार दिवस या घरातून त्या घरात फिरलो. ती जिने चढे तेव्हा मी हले. तिने बॅग खुर्चीवर टाकली की माझ्या पोटात हवा ताठ होई. माझ्या नळीचं तोंड कधी तिच्या पायाकडे असे, कधी दाराकडे, आणि मला ते वळवता येत नव्हतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गुरुवारी दुपारी आम्ही द्रौपदी गजभिये यांच्या घरी होतो. बेलग्रेव्ह रोडच्या मागल्या एका गल्लीत त्या एकट्या राहतात. वय ब्याऐंशी. नागपूरहून तरुणपणी इथे आल्या आणि तीस वर्षं होजिअरीच्या फॅक्टरीत कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशिनीवर बसल्या. त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. ईशिता आठवड्यातून दोनदा पट्टी बदलायला जाई.

ईशिता हात धुवायला स्वयंपाकघरात गेली. आजींना गुडघ्याला गार लागत होतं. उघड्या बॅगेतून स्कार्फचं टोक बाहेर आलेलं त्यांना दिसलं, आणि तो पायावर घ्यावा म्हणून त्यांनी ओढला. मी घरंगळत त्यांच्या मांडीवर आलो. हे काय म्हणून त्यांनी मला उचललं. नळीचं तोंड त्यांच्याच हनुवटीकडे होतं. चष्मा कपाळावर होता. नीट धरायला म्हणून त्यांचं कापरं बोट चापाभोवतीच्या कडीत शिरलं आणि चापावर टेकलं.

माझ्या हाती काही नसतं, मित्रांनो. माझा चाप ओढणारं बोट चांगलं की वाईट, जाणतं की अजाण, हे मला कळून उपयोग नसतो. मी नुसता थांबलो.

ईशिता दारात आली. ती किंचाळली नाही, हे तिचं मोठं काम. धावलीही नाही.

“आजी,” ती अगदी हळू म्हणाली, “बोट सरळ करा. माझ्यासारखं. असं.”

तिने स्वतःचं बोट वर करून दाखवलं. आजींनी तिच्याकडे पाहिलं आणि बोट सरळ केलं. ईशिताने जवळ येऊन माझी नळी हलकेच बाजूला वळवली, मला हातात घेतलं, मागचं दार उघडून अंगणात गेली आणि कुंडीतल्या ओल्या मातीत तो छर्रा सोडला. फट् असा एवढासा आवाज झाला. तिथेच पायरीवर ती बसली. मला तिने शेजारी लादीवर ठेवलं. माझ्या पोटातली हवा गेली होती. चार दिवसांत पहिल्यांदा मी रिकामा होतो, आणि मला काय बरं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

आजी भिंतीला धरून दारापर्यंत आल्या.

“हे कोणासाठी आणलंस?” त्यांनी विचारलं.

मग ईशिताने सगळं सांगितलं. सप्टेंबरपासूनचं सगळं.

“मी कात्री ठेवायची,” त्या शेवटी म्हणाल्या. “धागे कापायची, टोकाची. बाहत्तर साल असेल. शिफ्ट सुटली की गोरी पोरं मागं लागायची, शिव्या द्यायची, थुंकायची. दोन वर्षं कोटाच्या खिशात मूठ आवळून चालले मी. एक दिवस मागून खांद्यावर हात पडला. मी काही पाहिलं नाही, सरळ मारली. माझीच मैत्रीण होती, शांता. डबा विसरले होते मी, तो द्यायला आली होती.”

“मग?”

“तिच्या तळव्याला सात टाके पडले. तिनं कोणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, तू एकटी चालतेस म्हणून हे झालं. मग आम्ही पाचजणी सोबत चालायला लागलो. फॅक्टरी बंद होईपर्यंत.” त्या थांबल्या. “तू कोणाला सांगितलंस, पोरी?”

आजींनी तिचा फोन तिच्या हातात दिला.

तिथूनच, त्याच पायरीवरून, तिने आधी तिच्या टीम लीडरला फोन केला. टीम लीडर रागावली, पण त्याच दिवशी का सांगितलं नाहीस म्हणून. दुसरा फोन शशिधरकाकांना. मला आता पुन्हा बॅगेत घालून रस्त्यावर न्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. काका पाऊण तासात रिकामी पेटी घेऊन गाडीने आले.

“भरलेलं होतं?” त्यांनी विचारलं.

“हो, काका.”

काका खुर्चीवर बसले. “चूक माझीही आहे,” ते म्हणाले. “पर्समध्ये बसणारी हवी, असं तू म्हणालीस तेव्हाच मी खरं विचारायला हवं होतं.” त्यांनी माझी दांडी उघडून नळी तपासली, मला पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. त्या कुलपाचा आवाज मला किती गोड वाटला म्हणून सांगू.

त्या शनिवारी ईशिताने क्लबाच्या कमिटीपुढे स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. सहा महिने तिला क्लबात यायची बंदी झाली. पोलिसांकडेही ती काकांना सोबत घेऊन गेली आणि काहीच लपवलं नाही. माझ्याबद्दल तिला कडक ताकीद मिळाली. ते ऑफिसात कळवावं लागलं, आणि नोकरी राहते की जाते या काळजीत तिचे काही आठवडे गेले. नोकरी राहिली. त्या माणसाबद्दल आणखी दोघींनी तक्रार केलेली होती. तिघींच्या सांगण्यावरून तो जानेवारीत पकडला गेला. आता त्या भागात नर्सेस दोघी मिळून जातात, आणि गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागे एक बटण असतं, ते दाबलं की ऑफिसात कळतं. आईलाही तिने सांगितलं. आई खूप रडली, पण नोकरी सोड म्हणाली नाही.

जूनमध्ये एका बुधवारी क्लबाचं दार उघडलं आणि ईशिता आत आली. काकांनी माझी पेटी तिच्यापुढे ठेवली. तिने मला उचललं, बोट सरळ ठेवलं, आणि दांडी पहिल्याच झटक्यात बंद केली. दहा छर्‍यांपैकी चार कागदाबाहेर गेले. काका म्हणाले, ठीक आहे, सहा महिने हात बंद होता. ती हसली. तिच्या हातातली ती जुनी घाई गेलेली मला कळत होती.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्यासारखी वस्तू कुठे दिसली, तर हात लावू नका, मोठ्या माणसाला हाक मारा. आणि कुणी तुमच्या मागे लागलं, तुम्हाला धरलं, भिववलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. तुमचं कुणी ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. मी कितीही नीट बनवलेला असलो, तरी तुमच्यासोबत घरापर्यंत चालत येणं मला जमत नाही. मला तेल लावा, कोरडं ठेवा, कुलपात ठेवा आणि बुधवारी कागदासमोर बाहेर काढा.

आज बुधवार आहे. जिन्यावर पावलं वाजताहेत, ईशिताची आणि सोबतच्या दोघीतिघींची, बोलत बोलत येणारी.