तांबडं पाणी, पिवळं पाणी

वसंता लग्न होऊन सासरी गेली ते साल एकोणीसशे बासष्ट. मांडव उतरून महिना झाला नाही, तोच मैलापुरात गजेंद्रस्वामी उतरले आणि मद्रासच्या बायका तिकडे लोटल्या. स्वामी म्हणे बाईच्या पोटातला रोग ताटभर पाण्यात दाखवतात. पाणी पिवळं राहिलं तर गर्भपिशवी निर्मळ, तांबडं झालं तर आत राक्षस.

वसंताची आई त्रिपुरसुंदरी गेली ती नुसती सोबतीला. दुखणं होतं तिच्या विधवा नणंदेचं, विजयलक्ष्मी अक्काचं. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि आता लुगड्याला पुन्हा डाग पडत होते. शेजारच्या नर्स कुमुदिनीबाई एग्मोरच्या इस्पितळात चला म्हणून मागे लागल्या होत्या. अक्काला वाटे, तिथं गेलं की रोग नसला तरी निघतो.

स्वामींनी काशीत बारा वर्षं, हिमालयात बारा आणि पाण्याखाली बारा वर्षं तप केलं होतं. बेरीज वयापेक्षा जास्त भरे, पण बेरीज करतो कोण! ताटात हळदीचं पाणी आहे, दुसरं काही नाही, असं ते स्वतःच सांगत. हात बुडवण्याआधी चेला सवाष्णींना मुठीत विडा दाबून धरायला लावी, विधवांना तुळशीचं पान देई.

अक्काचं पाणी पिवळं राहिलं. ती सुटल्यासारखी रडली. मग सोबतीला आलेल्या त्रिपुरसुंदरीनंही हात बुडवला, आणि पाणी रक्तासारखं तांबडं झालं.

स्वामींनी अठ्ठेचाळीस दिवसांची सेवा सांगितली. इस्पितळाचं लोखंड लागलं तर राक्षस अंगभर पसरेल, असंही बजावलं. ते दिवस सरले तेव्हा आणखी अठ्ठेचाळीस सांगितले, मग आणखी. हातातल्या सोन्याच्या बांगड्या तिकडे गेल्या. त्रिपुरसुंदरी रात्री उठून पोट चाचपून बघे. पोटात जरा गुरगुरलं तरी ती भिंत धरून उभी राही. नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती.

वसंता आणि जावई दिवाळसणाला आले. रीतीप्रमाणे दारात ओवाळायला त्रिपुरसुंदरीनं ताटात हळदीचं पाणी केलं, पानदानातला चुना बोटावर घेऊन कालवला. पाणी तांबडं झालं. तिचा हात तिथंच थांबला. लग्नात, बारशात, जन्मभर हेच पाणी तिनं केलं होतं.

आरती झाल्यावर तिनं अक्काला आत नेलं.

"अक्का, तुला स्वामींनी विडा दिला होता?"

"विधवेच्या हाती विडा कोण देतो गं?"

"माझ्या विड्याला चुना होता. एका तरी विधवेचं पाणी तांबडं झालेलं पाहिलंस?"

अक्का खाली बसली. "मग माझं पिवळं राहिलं, त्याचा अर्थ?"

"काही नाही. माझ्या तांबड्याचाही नाही."

दुसऱ्या दिवशी त्रिपुरसुंदरी चुन्याची डबी घेऊन स्वामींच्या मठात गेली. भर गर्दीत तिनं चेल्याच्या तळहाताला चुना फासला आणि हात ताटात दाबला. पाणी तांबडं झालं.

"स्वामी, याच्याही पोटात गर्भपिशवी आहे का?"

आधी एक म्हातारी हसली, मग सगळ्या हसल्या. तरी दोघीतिघी विडा मुठीत धरून बसूनच राहिल्या. भीती अशी हसण्यानं जात नाही.

इस्पितळाच्या वाटेवर त्रिपुरसुंदरी आणि अक्का, दोघींनी कुमुदिनीबाईंना विचारून भंडावलं. दुखतं का? "चिमटा घेतल्याएवढंही नाही, मामी. लाकडी काडीनं पिशवीच्या तोंडावरून जरासं पुसून घेतात, काचेवर पसरतात आणि भिंगाखाली पाहतात." तपासण्यानं रोग लागतो का? "आरशात पाहून कोणी काळं होतं का?" काही होत नसेल तर कशाला? "तेव्हाच तर यायचं. काचेवर बिघाड आधी दिसतो, रोग मागून येतो. मधल्या वेळात तो बरा करता येतो. डाग पडायला लागल्यावर मात्र एक दिवसही थांबायचं नाही."

त्रिपुरसुंदरीच्या काचेत काही निघालं नाही. अक्काला डॉक्टरीणबाईंनी नुसतं तपासलं आणि बराच वेळ हात धुतले. कॅन्सर पिशवीबाहेर पसरला होता.

बायांनो, पाणी तांबडं होतं ते चुन्यानं. घरी करून पाहा. आणि पोटातलं विचारायचं ते काचेला विचारा, ताटाला नको.

विजयलक्ष्मी अक्का एकोणीसशे त्रेसष्टच्या मार्गशीर्षात, एका शुक्रवारी वारली. तिचं पाणी शेवटपर्यंत पिवळंच होतं.