सात तासांचं चार्जिंग

वामनरावांनी एकाच कामासाठी तिसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा पोंभुर्ण्याचा सुनिल वायरमन वैतागलाच. मोठा सॉकेट बसवून झाला, ब्रेकर बसवून झाला, अंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ भरून झालं. आता आणखी काय पाहिजे या म्हाताऱ्याला? पण वामनरावांचं एकच पालुपद, शॉक तर लागणार नाही ना? सुनिलने अक्षरशः हात जोडले आणि सांगितलं की उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडू देऊ नका, रोज बादलीभर पाणी टाका, मग काही भीती नाही. त्या दिवसापासून विहिरीने तळ गाठला तरी खड्ड्याची बादली चुकली नाही.

हा सगळा खटाटोप प्रफुलच्या गाडीसाठी. थोरला मुलगा प्रफुल नागपूरला एका कंपनीत इंजिनिअर होता आणि पाच वर्षांत त्याने या घरात पाय ठेवला नव्हता. आईशी तेवढा फोनवर बोलायचा. आता तिच्या, म्हणजे सीताबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यांना न्यायला तो येणार होता. त्यांनी फोनवर नव्या गाडीची चौकशी केली, तेव्हा तो म्हणाला होता की तिला घरीच वायर लावायची, सात तासांत चार्ज होते. सीताबाईंनी ते नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. झालं! ते सात तास वामनरावांच्या डोक्यात जे बसले ते बसलेच. नागपूरहून येईपर्यंत गाडी रिकामी होणार, भरल्याशिवाय परत जाता येणार नाही, म्हणजे पोराला दिवसभर इथेच थांबावं लागणार. दिवसभरात माणूस दोन घास खातो, पाणी मागतो, कधीतरी बापाकडे बघतोच की!

पाच वर्षं का, तेही सांगून टाकतो. धाकटा दिनेश करंट लागून गेला आणि तो करंट बापाने सोडलेला होता. रानडुकरं उभं धान तुडवत होती, म्हणून वामनरावांनी बांधीभोवती, म्हणजे धानाच्या शेताभोवती, उघडी तार ओढून तिच्यात वीज सोडली होती. सगळेच सोडतात, असं ते नंतर पोलिसांनाही म्हणाले. रोज पहाटे उठून ते बटण बंद करायचे. त्या दिवशी मेला डोळा लागला आणि दिनेश उजाडायच्या आत बांधीतलं पाणी बघायला गेला. केस अजून चालू आहे. सीताबाई त्यावरून कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच वामनरावांना सोसवत नव्हतं. तेव्हापासून त्यांनी घरातल्या पंख्याच्या बटणालासुद्धा हात लावला नव्हता. उकाड्यात जीव जायची वेळ आली तरी सीताबाईंना हाक मारायचे.

प्रफुल येणार त्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी स्वतः जाऊन सॉकेटचं बटण दाबलं. त्यासाठी डाव्या हाताने उजवा धरावा लागला. लाल दिवा लागला. मग ते ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिले आणि लाइट जाऊ नये म्हणून मनातल्या मनात देवाला विनवत राहिले.

दहाच्या सुमारास गाडी आली. प्रफुल उतरला, पण फाटकाच्या आत आला नाही. सीताबाई पिशवी घेऊन तयारच होत्या. पिशवी त्याने मागच्या सीटवर ठेवली. वामनराव घाईघाईने पुढे गेले.

"लाइन हाये," ते म्हणाले. "मी सारं नवीन बसवलं. अर्थिंग बी केलं. वायर लाव तू, काई होत नाई."

"लागत नाई. हे गाडी पेट्रोलवर बी चालते."

गाडी दोन्हीवर चालते, हे वामनरावांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? त्यांनी कधी विचारलंच नाही.

"तरी बी थोडा वेळ लाव. अर्धा घंटा. आईनं सैपाक करून ठेवला हाये."

"बाबा, मले तुमच्या हातचा करंट नको."

तो हे चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो साधंच बोलला आणि आईसाठी दार उघडलं. सीताबाई बसल्या. त्यांनी एकदा सॉकेटकडे पाहिलं, मग मांडीवरचा पदर नीट केला.

प्रफुलही आत बसला. इंजिनाचा आवाज काही झाला नाही. वामनरावांच्या काळजात लख्ख झालं. पोरानं गाडी सुरू केली नाही! मन बदललं त्याचं! ते फाटक उघडायला धावले. कडी हातात होती तेवढ्यात चाकं फिरली आणि जराही आवाज न करता गाडी त्यांच्यासमोरून निघून गेली. उरलेल्या चार्जिंगवर ती तशीच जाते, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे नाल्याच्या चढावर पेट्रोलचं इंजिन लागलं, तो आवाज मात्र त्यांना नीट ऐकू आला.

त्यांनी फाटकाची कडी पुन्हा लावली. मग भिंतीवरचा लाल दिवा दिसला. घरात हाक मारायला कोणी नव्हतं. ते सॉकेटपाशी गेले आणि बटण बंद केलं. ओट्यापर्यंत येऊन पुन्हा मागे गेले. बंदच होतं. जेवायला बसले, ताटावरून उठले आणि परत जाऊन पाहिलं. बंदच होतं.