दोन नंबर मोठे

नत्थुजींनी उभा जन्म कॉलेजची लायब्ररी सांभाळली. कुठलीही गोष्ट करायची तर आधी तिच्यावर वाचून घ्यायचं, ही खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. सुनेला बूट घ्यायचे ठरले तेव्हा त्यांनी रोज सकाळी मोबाइलवर तेच वाचलं. कारण बूट साधे नव्हते, भिंत चढायचे होते.

प्राजक्ता अकोल्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. शाळेत चढाईची भिंत उभी राहत होती आणि तिच्यावर मुलांना शिकवायचं तर अमरावतीला परीक्षा द्यावी लागणार होती. कॉलेजात असताना ती चढायची, पण क्लबच्या बुटांत, दुसऱ्यांच्या पायांनी सैल झालेल्या. स्वतःचे हे पहिलेच. नवरा, गजेंद्र, नांदगाव पेठच्या गिरणीत पाळीवर अडकलेला, म्हणून सोबतीला सासरा निघाला.

"तुमी कायले जाता?" रुख्मिणीबाई म्हणाल्या. "सोताच्या चपला तरी घेता येतात का तुमाले? मागच्या खेपी दोन्ही डाव्याच उचलून आणल्या."

खरंच होतं ते. नत्थुजींनी डबा पिशवीत ठेवला.

परीक्षा घेणारे नागसेन सर भिंतीच्या पायथ्याशी, टिनाच्या शेडखाली भेटले. पुण्याहून विकायला मागवलेल्या, सगळ्या मापांच्या बुटांचं खोकं त्यांच्याच जवळ होतं. प्राजक्तानं नंबर सांगितला आणि नत्थुजी चमकले. तिच्या नेहमीच्या मापापेक्षा हा दोन नंबर मोठा होता. वाचलं होतं ते नेमकं उलटं: बूट बोटांना आवळून बसला पाहिजे. पण सुनेच्या पायाबद्दल सासऱ्यानं चारचौघांत बोलावं कसं? आणि आपलं वाचणं ते काय, चपलांचा तो किस्सा ताजाच होता. ते नुसतेच खाकरले.

"मॅडम, मोजे तरी काढा," सर म्हणाले. "पोत्यात पाय घालून पळायची शर्यत नाही ही."

"राहू द्या सर. सवय हाय मले."

सवय उपयोगी पडली नाही. अर्ध्या भिंतीवर पाय ठेवायला सुपारीएवढा उंचवटा होता. तिथं बूट जागेवर राहिला, पाय आतल्या आत फिरला आणि प्राजक्ता दोराला लोंबकळली. पुन्हा चढली, पुन्हा तिथंच सुटली.

"हातात ताकद हाय तुमच्या," सर खाली उतरवून म्हणाले. "बूट मातर तुमचे नाहीत. जेवणानंतर एक डाव देतो, शेवटचा. या मापात होणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

दोघं कडुनिंबाखाली बसली. डबा उघडला, पण कोणी जेवेना. प्राजक्तानं मोजे काढले आणि नत्थुजींना सगळं कळलं. दोन्ही पायांच्या बोटांत चांदीची जोडवी, अन् त्यांच्याखाली लालभडक वळ. इतकं वाचलं, पण जोडव्यांचं नाव कुठंच नव्हतं.

"लहान बूट घातला की जोडवं हाडात रुतते, बाबा. मले वाटलं, मोठ्या मापात निभून जाईन."

"मंग काढून ठेवायचे."

"आईंनी लग्नात सोताच्या हातानं घातले. म्हणाल्या, जपजो पोरी, पायातून जाऊ देजो नोको." सासूचे शब्द सांगताना ती मोज्यांची घडी घालत, उलगडत राहिली. "राहू द्या. दुसरा कोणी मास्तर शिकवीन पोराईले."

नत्थुजींनी घरी फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. रुख्मिणीबाई या वेळी शेजारी पापड लाटायला जात आणि फोन देव्हाऱ्याजवळ ठेवत. आता विचारायला कोणी नव्हतं. घरातला कुठलाही निर्णय नत्थुजींनी आजवर घेतलेला नव्हता. पुस्तक कुठल्या कपाटात जाईल, एवढंच काय ते त्यांनी ठरवलेलं.

"काढ," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की तिला ऐकूच आलं नाही.

"काय म्हणता, बाबा?"

"काढ म्हटलं! घरी मी सांगतो."

नळावर साबण लावून जोडवी निघाली. नत्थुजींनी ती रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात धरला. उघड्या पायांवर सरांच्या खोक्यातले लहान बूट चढवताना प्राजक्तानं ओठ दाबले, मग उभी राहून टाचा उचलल्या आणि हसली.

ती चढत असताना नत्थुजींना वर पाहवेना. त्यांनी फक्त बुटांकडे पाहिलं. त्या सुपारीवर बुटाचं टोक टेकलं, थरथरलं आणि टिकलं. मग बूट दिसेनासे झाले आणि वरून हाक आली, "बाबा, पोचले!"

आनंद मूर्तिजापूरपर्यंत टिकला. बसमध्ये प्राजक्ता वाकून जोडवी घालू लागली, तर बोटं टरारून सुजलेली. काही केल्या जोडवी चढेनात. आता मोकळ्या बोटांनीच उंबरठा ओलांडायचा होता. नत्थुजींनी खिडकीकडे तोंड करून वाक्यं जुळवायला घेतली. एकही पूर्ण होईना.

दारात रुख्मिणीबाई पाय धुवायला पाणी घेऊन उभ्याच. पहिला तांब्या ओतला आणि त्यांची नजर थांबली.

"जोडवे कुठं गेले वं?"

"मी काढायले लावले," नत्थुजी एका दमात म्हणाले. "तिले बोलू नको. पास झाली ती. तुले फोन केला होता."

"हरवले तं नाही?"

त्यांनी रुमाल पुढे केला. रुख्मिणीबाईंनी गाठ सोडून जोडवी तळहातावर घेतली.

"मंग झालं तं! जपजो म्हणजे हरवू नोको, एवढंच म्हटलं होतं म्या. जुनी चांदी हाय. अजी, माह्या पायाकडे पाहा बरं."

नत्थुजींनी पाहिलं. बोटं मोकळी होती.

"पाय सुजाले लागले तवा सोनाराकडून कापून घेतले. गजूचं लग्न व्हायच्या आधी. तेच मोडून सुनेले घडवले. तुमाले आज दिसून राहिलं?"

"मले दिसलं होतं, आई," प्राजक्ता हळूच म्हणाली. "पण तुमचं दुखणं होतं. माहा तं खेळ."

"खेळ कायचा? नोकरी हाय तुही. बोटं सुजली तं शेक घे. उतरली की घालजो, बूट घालताना काढजो. आन ते बूट दाखव."

बूट हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिले. "एवढुसे? हे तं लेकराचे दिसतात! कोणी निवडले, तुमी?"

नत्थुजींनी दोन्ही बूट घेऊन दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवले, वाकून नीट पाहिले.

"एक डावा, एक उजवा," ते म्हणाले, आणि तिथंच ओट्यावर ऐसपैस बसले.